जुने मल्ल थोर की आताचे? आधी आखाड्याचे दार पाहा

वाचकहो, सांगलीच्या उत्तरेला, बुधगावच्या शेजारचे आपले माधवनगर कापडगिरणीमुळे नावारूपाला आले. गिरणीत कामाला येणारी माणसे आसपासच्या खेड्यांतली. ती येताना आपल्या गावची भाषा घेऊन आली, तसाच कुस्तीचा नादही घेऊन आली. म्हणून जत्रांचे दिवस आले, हलगी कडाडू लागली, की चहाच्या टपरीवर एक वाद हमखास सुरू होतो. पटकेवाले आबा म्हणतात, "आरं, मारुती माने म्हंजी डोंगर हुता डोंगर! आत्ताची पोरं पावडर खाऊन फुगल्याली. दोन मिनटांत दम लागतोय त्यांस्नी." त्यावर नातू म्हणतो, "आबा, तुमच्या वेळंला गुण कोण मोजत हुतं? सहा मिनिटांच्या कुस्तीत, मॅटवर, तुमचा डोंगर टिकला असता का?"

चहा संपतो, पण वाद संपत नाही. दोघेही आपापल्या जागी थोडे खरे बोलतात आणि दोघांचेही थोडे राहून जाते. जुन्या मल्लांची आणि आजच्या मल्लांची तुलना करायची तर कशी करावी? की ती करताच येत नाही? या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. परंतु आपल्या घरातल्या मुलामुलींनी तालमीत जावे की नाही, गेल्यास कोणता आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा, इथपर्यंत तो येऊन पोहोचतो.

सांगली जिल्ह्याचा वारसा

प्रथम आपल्या मातीतली दोन नावे घेऊ. एक, मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने. दुसरे, शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे ९७ किलो गटात मारुती माने यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत सुवर्णपदक आणि ग्रीको-रोमन कुस्तीत रौप्यपदक मिळवले. त्याहून वरच्या, म्हणजे सर्वांत जड गटात आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. एकाच जिल्ह्यातले दोन मल्ल, एकाच स्पर्धेत दोन सुवर्ण आणि दोन रौप्यपदके घेऊन आले. आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले होते, माने १९६४ साली झाले.

लक्षात घ्या, हे दोघेही लाल मातीत वाढलेले. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड घेता येत नाही, पायाचा वापर करून डाव मारता येत नाही. आपल्या पट काढण्याच्या, ढाक लावण्याच्या सवयीला ती कुस्ती अगदी उलटी. तरीही परक्या नियमांत त्यांनी पदके मिळवली. मातीतला पैलवान मॅटवर टिकला असता का, या नातवाच्या प्रश्नाला जकार्ताचे उत्तर असे रोकडे आहे.

आता नव्यांकडे पाहू. भाळवणीच्या चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन-तीन वेळा गदा जिंकली. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन वेगळे विभाग असतात आणि दोन्ही विभागांतले विजेते एकमेकांपुढे उभे ठाकतात. म्हणजे आजच्या मल्लाला दोन्ही पृष्ठभागांची समज ठेवावी लागते. आबांना वाटते तितके हे सोपे नाही.

तुलना अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. जत्रेतली जुनी निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत कुस्ती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि अनिर्णित राहिली. झिबिस्को बहुतेक वेळ मातीला चिकटून राहावे तसा खाली पडून राहिला. तेच दोघे १९२८ साली पतियाळात पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. आजच्या नियमांत पहिली कुस्ती लंबीच झाली नसती. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, नुसते अंग चोरणाऱ्याला पंचांची ताकीद, आणि मग प्रतिस्पर्ध्याला गुण. त्या काळी अंगात धीर धरण्याची ताकद लागे, आज क्षणात झेप घेण्याची लागते. शरीर कसे घडवायचे हे शेवटी नियमच ठरवतात.

दुसरी अडचण वजनाची. जकार्ताला सर्वांत जड गट ९७ किलोच्या वर मोकळा होता, त्याला वरची मर्यादा नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत ती मर्यादा आधी १३०, मग १२० आणि २०१४ पासून १२५ किलो झाली. त्यामुळे 'जड गटाचा विजेता' या एकाच शब्दाचा अर्थ दर पिढीला वेगळा होत गेला.

तिसरी अडचण साधनांची. खाशाबा जाधवांचेच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनीही वर्गणी दिली. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतले पुढचे पदक यायला २००८ साल उजाडले, तेव्हा सुशीलकुमार जिंकला.

आता योगायोग पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला हरियाणाच्या अमन सेहरावतने कांस्यपदक जिंकले, ते ५७ किलो गटातच. ७२ वर्षांनी तोच काटा, तेच पदक! अकराव्या वर्षी आईवडील गेलेला हा मुलगा दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये वाढला. उपांत्य फेरीनंतर त्याचे वजन साडेचार किलोहून अधिक वाढले होते. प्रशिक्षकांनी रात्रभर त्याला घाम गाळायला लावून, जवळजवळ दहा तासांत ते उतरवले. त्याच्यामागे प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, आहार ठरवणारे होते. खाशाबांच्या मागे एक प्राचार्य आणि एक गाव होते.

मग थोर कोण? खाशाबांची हलाखी पाहून अमनचे पदक हलके ठरवायचे का? मुळीच नाही. हेलसिंकीला ६९ देश आले होते, पॅरिसला २०० हून अधिक. अमनला ज्या गर्दीतून वाट काढावी लागली, ती खाशाबांच्या वेळी नव्हती. एकाने साधनांवाचून पदक आणले, दुसऱ्याने साऱ्या जगाच्या गर्दीतून आणले. एकाच काट्यावरची ही दोन वजने आहेत, पण मापे वेगळी आहेत.

मुष्टियुद्धाचे उदाहरण

आपल्याकडे हा वाद मल्लांवरून होतो. जगात तो सर्वांत जास्त रंगला तो मुष्टियुद्धात, आणि त्यातही हेवीवेट म्हणजे सर्वांत जड गटात. जॉन सलिव्हन, जॅक जॉन्सन, जो लुई, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली, माइक टायसन, आणि अलीकडचे टायसन फ्युरी व उसिक, यांच्यात सर्वश्रेष्ठ कोण, यावर तिकडच्या टपऱ्यांवरही चहा थंड होतो. तिथला इतिहास पाहिला तर आपल्या प्रश्नाची गाठ सुटायला मदत होते.

तेथेही नियम बदलले. १८८९ साली सलिव्हन आणि किलरेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले, लढत सव्वादोन तास चालली. अलीच्या काळात विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची होती. १९८२ साली कोरियाचा तरुण मुष्टियोद्धा डुक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर फेऱ्या १२ वर आल्या.

तेथेही देह बदलले. ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेल्या मार्सियानोचे वजन ८५ किलोच्या आसपास असे. आजच्या नियमांत ९० किलोच्या आतला मुष्टियोद्धा खालच्या गटात मोडतो. म्हणजे कधीच न हरलेला हा जड गटाचा विजेता आज जड गटात धरलाच गेला नसता! याउलट फ्युरी सहा फूट नऊ इंच उंच, आणि मे २०२४ मधील रियाधच्या लढतीत त्याचे वजन ११९ किलोच्या जवळपास होते. त्याच्यापुढे युक्रेनचा उसिक १०१ किलोचा. जिंकला मात्र उसिक, आणि डिसेंबरमधील दुसऱ्या लढतीतही तोच जिंकला. नुसता देह मोठा म्हणजे पैलवान मोठा, हे समीकरण तिकडेही लंगडे पडते.

जुना माणूस नव्याला भारी पडतो का, याचा एक जिवंत पुरावाही तेथे मिळतो. जॉर्ज फोरमन १९७३ साली विजेता झाला आणि १९७४ साली किन्शासा येथे अलीकडून हरला. त्यानंतर २० वर्षांनी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याने तोपर्यंत एकदाही न हरलेल्या २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत खाली पाडून पुन्हा विजेतेपद मिळवले. आबांची बाजू घेणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर सांगावे. मात्र फोरमन नऊ फेऱ्या गुणांनी मागे होता, हेही सांगावे.

यंत्राने दिलेला निकाल

माणसांचे एकमत होईना, तेव्हा अमेरिकेत हा निकाल संगणकाकडे सोपवण्याचा उद्योग झाला. १९६७ साली जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती यंत्रात भरून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा ऐकवली गेली. यंत्राने अलीला जेम्स जेफ्रीजकडून हरवले. अली इतका संतापला, की त्याने १० लाख डॉलरची फिर्याद ठोकली. त्यातून तडजोड निघाली आणि १९६९ मध्ये अली व मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत केली. जानेवारी १९७० मध्ये ती चित्रपटगृहांत दाखवली, तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकलेला दिसला. युरोपात मात्र अली जिंकल्याचा शेवटही दाखवला गेला. जसा प्रेक्षक तसा निकाल! बिचारा मार्सियानो त्याआधीच ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात गेला होता.

वाचकहो, या प्रकरणात हसण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ज्या जेफ्रीजने यंत्रात अलीला हरवले, तो जेफ्रीज १८९९ ते १९०५ या काळात विजेता होता. विजेता असेपर्यंत त्याने काळ्या मुष्टियोद्ध्याशी विजेतेपदाची लढत घेतली नाही. तो अपराजित निवृत्त झाला खरा, पण ज्यांच्याकडून तो हरू शकला असता, त्यांना त्याने रिंगणात पाऊलच टाकू दिले नाही. यंत्रात त्याच्या विजयांचे आकडे भरले गेले. दाराबाहेर उभ्या ठेवलेल्या माणसांचा आकडा कोण भरणार?

बंद दार

ही रीत जेफ्रीजने सुरू केलेली नव्हती. त्याच्या आधी सलिव्हननेही काळ्यांशी लढणार नाही असे उघड सांगितले होते. पीटर जॅक्सनसारखा थोर काळा मुष्टियोद्धा विजेतेपदाची संधी न मिळताच संपला. अखेर जॅक जॉन्सनने १९०८ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून हे विजेतेपद मिळवले. तेव्हा निवृत्त जेफ्रीजला 'गोऱ्यांची आशा' म्हणून परत बोलावले गेले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवले. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या, काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मेली. पुढे जॉन्सनला एका गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधावरून खटला भरून शिक्षा देण्यात आली. ती शिक्षा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफ केली, ती २०१८ साली!

१९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर दार पुन्हा बंद झाले. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता. त्या साऱ्या काळात हॅरी विल्स हा काळा मुष्टियोद्धा लढतीची वाट पाहत राहिला आणि ती लढत कधीच झाली नाही. १९३७ साली जो लुई विजेता झाला, तेव्हा कुठे दार उघडले. लुईने २५ वेळा विजेतेपद राखले. तथापि त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला बजावले होते, की हरलेल्या गोऱ्यासमोर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे नाही. मुठी मोकळ्या, पण तोंड बंद, अशी ती सवलत होती. पुढच्या पिढीत अली आला आणि त्याने तोंडही उघडले. १९६७ साली त्याने व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला, तेव्हा त्याचे विजेतेपद काढून घेतले आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्याला लढू दिले नाही. ती वर्षे कोणत्या कोष्टकात मांडणार?

हे दूरदेशीचे आहे असे समजून सोडून देऊ नका. आपल्या महाराष्ट्रात पळवणकर बाळू नावाचा गोलंदाज होऊन गेला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदान राखता राखता तो चेंडू टाकायला शिकला. हिंदूंच्या संघात त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून गोऱ्यांना हरवता येत नव्हते. परंतु खेळाच्या मधल्या वेळेत त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर येई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. पण त्यामुळे मैदानावरचे त्यांचे ११४ बळी एकानेही कमी होत नाहीत, आणि बाहेर दिलेला तो चहाही पुसला जात नाही.

तालमीचे दार

मग आपल्या कुस्तीचे काय? तेथेही एक दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, ते बायकांसाठी. तालमीची पायरी बाईने चढायची नाही, हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो सर्वत्र पाळला जाई. चाळीस-पन्नासच्या दशकांत हमीदा बानू नावाची महिला पैलवान पुरुषांशी कुस्त्या धरत असे. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केले. त्याच काळात पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती मात्र विरोध झाल्यामुळे होऊ शकली नाही. खाशाबा पदक घेऊन आले त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आपण ज्याला कुस्तीचा सुवर्णकाळ म्हणतो, तो हाच काळ.

ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली ती २००४ साली आणि महिलांचे मुष्टियुद्ध आले ते २०१२ साली. त्याच २०१२ ला मेरी कोमने मुष्टियुद्धात कांस्यपदक आणले आणि २०१६ ला साक्षी मलिकने कुस्तीत. आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला चीत करून ती गदा उचलली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली होती. मुलींच्या गदेला त्यानंतर ६२ वर्षे लागली.

आता टपरीवरच्या वादाकडे पुन्हा पाहू. जुन्या काळी मल्ल थोर होते, यात शंका नाही. माणसाला माणूस लावून पाहिले, तर माने-आंदळकर कुणाला हार गेले असते असे वाटत नाही. रोज हजारांनी जोर-बैठका काढणाऱ्या त्या देहांना आजचा प्रशिक्षक आणि आजचा आहार मिळाला असता, तर त्यांनी काय केले असते याची कल्पनाच करावी. परंतु काळाला काळ लावून पाहिले, तर आजचा काळ मोठा आहे. कारण आज आखाड्यात उतरणारे अधिक आहेत. पूर्वी अर्धी माणसे तर बाई म्हणून दाराबाहेरच होती. ज्या काळाने दार उघडले, त्या काळाच्या विजेत्याला अधिक जणांतून वर यावे लागते.

म्हणून तुलना करायचीच असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. तो आपल्या काळातल्या सर्वांशी लढला की निवडक लोकांशी? त्याच्या हातात साधने किती होती? आणि त्याच्यानंतर दार उघडे राहिले की बंद झाले? या तीन प्रश्नांवर जॉन्सन, लुई आणि अली मोठे ठरतात, खाशाबा मोठे ठरतात, आणि आपल्या सांगलीची प्रतीक्षाही लहान ठरत नाही. जेफ्रीज मात्र अपराजित असूनही पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

पालकांसाठी दोन शब्द

आता घरातली गोष्ट. दार उघडले म्हणजे सर्वांना आत जाता आले असे होत नाही. आज जात किंवा बाईपण सांगून कुणी उघडपणे अडवत नसेल, पण खुराकाचा खर्च अडवतो. दूध, तूप, बदाम, अंडी यांचा महिन्याचा हिशेब हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही. अशा घरातल्या पोराला किंवा पोरीला कुस्तीची आवड असेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून थोडा भार उचलावा. खाशाबांसाठी गावाने वर्गणी काढली होती, हे विसरून चालणार नाही. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली कडधान्ये, अंडी आणि दूध यांवरही कोवळे शरीर उत्तम घडते.

दुसरे, आबांचे म्हणणे एका बाबतीत मनावर घ्या. झटपट अंग भरावे म्हणून कुणी इंजेक्शन किंवा नाव नसलेली पावडर देऊ लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा औषधांनी मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांना इजा होते, आणि तपासणीत सापडल्यास बंदी येते ती वेगळीच. वाढत्या वयातल्या मुलांना वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे हेही धोक्याचे. पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीआधी केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. त्या रात्री तिने देहाला किती पिळले, हे साऱ्या देशाने वाचले. मुष्टियुद्धाकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी तर डोक्याला मार लागल्यावर चक्कर, उलटी किंवा विसराळूपणा दिसताच सराव थांबवून डॉक्टर गाठावा. अलीसारख्या वीराला निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत, १९८४ साली, कंपवाताचे निदान झाले, आणि ३२ वर्षे तो त्या आजाराशी झुंजला.

तिसरे, मुलांना सारखे 'आमच्या वेळचे पैलवान होते, तुम्ही कसले!' असे म्हणू नका. जुन्यांच्या गोष्टी जरूर सांगा, परंतु त्या सांगताना पुऱ्या सांगा. कोण जिंकला ते सांगा आणि कुणाला उतरूच दिले नाही तेही सांगा. घराजवळ तालीम असेल, तर मुलाबरोबर मुलीलाही पहाटे उठवा. दोघांनाही वस्तादांच्या पायांशी नव्हे, तर वस्तादांच्या नजरेसमोर नीट उभे करा, आणि कुस्तीबरोबर शाळाही सुटणार नाही एवढे पाहा. मग पुढे आबा आणि नातू कितीही भांडोत. नातीने एखादी कुस्ती मारली, की दोघेही एकाच बाजूने टाळ्या वाजवतील.